साठीची सेविका

शास्त्रपाठ : १ तीमथ्य ५:३-१६

बेंगळुरूच्या राजाजीनगरात कामगार विमा योजनेचे मोठे रुग्णालय आहे. अशा रुग्णालयातून निवृत्त झालेली एखादी परिचारिका आपल्या मंडळीत असेल, तर तिचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी नातवंडांचे डबे, दुपारी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलणे, संध्याकाळी शेजारच्या मधुमेह्याच्या पायाची जखम बांधणे. यांतील देवाची सेवा कोणती आणि प्रपंच कोणता?

चौथ्या वचनात घरच्या वडीलधाऱ्यांविषयीच्या कर्तव्यासाठी पौलाने 'युसेबेइन' हे ग्रीक क्रियापद योजले आहे. नव्या करारात ते आणखी एकदाच येते, आणि तेथे (प्रे. कृत्ये १७:२३) त्याचा अर्थ भजणे असा आहे. दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द बसत नाही. भाषांतरकाराचा नाइलाज होतो आणि वाचकाच्या हातून धागा सुटतो.

दहाव्या वचनात मुलांचे संगोपन, अतिथिसत्कार, पाय धुणे आणि संकटग्रस्तांस साहाय्य ही एकाच ओळीत येतात. 'संकटग्रस्त' यासाठीचा मूळ शब्द दाबणे, चेपणे या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. परिचारिकेस तो समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु ही यादी आपण बहुधा उलटी वाचतो. साठीच्या स्त्रीने आणखी काय काय करावे, हे पौल येथे सांगत नाही. जिने हे सारे केले आणि जी आता एकाकी विधवा आहे, तिचे नाव मंडळीने आपल्या पटावर घ्यावे, असे तो सांगतो. भक्तीनंतर सर्वांचा रक्तदाब मोजणाऱ्या भगिनीचा रक्तदाब कोण मोजतो? तिच्या गुडघेदुखीची चौकशी पंचांच्या सभेत कधी झाली आहे काय?