नोकरी बदलताना वेतनरक्षण

आपल्यापैकी अनेकजण पदवीनंतर मिळेल ती कारकुनी पत्करून पुढच्या परीक्षा देतात. केंद्रीय सेवेतील अशा उमेदवाराने खात्यामार्फत अर्ज केला आणि निवडीनंतर नव्या केंद्रीय पदासाठीच राजीनामा दिला, तर तो 'तांत्रिक राजीनामा' ठरतो. जुने वेतन राखले जाते, मागील सेवाही जमेस धरतात. सवयीने 'घरगुती कारणास्तव' लिहिले, की हा हक्क सांगणे कठीण!

सार्वजनिक उपक्रमातून केंद्र शासनात येणाऱ्यांसाठी ७ ऑगस्ट १९८९ चा आदेश आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता यांची बेरीज त्याने राखली जाते. पण निवड मुलाखतीने झालेली हवी. स्पर्धा परीक्षेने येणाऱ्याला तो लाभ नाही, हे विचित्रच. राजीनाम्याच्या स्वीकृतिपत्रात 'तांत्रिक' हा शब्द आहे ना, ते कार्यमुक्त होण्याआधी पाहावे.