छायाचित्र किती मोठे करावे?

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेच्या पहिल्या तुकडीचे जुने छायाचित्र सहा फूट रुंद व चार फूट उंच छापून सभागृहाच्या दाराशी लावले होते. दुरून ते मोठे झोकदार दिसे. परंतु आपल्या आजोबांचा चेहरा शोधीत जवळ गेलेल्यांना डोळ्यांच्या जागी करडे ठिपके तेवढे दिसले. एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ पाहून मुकाट्याने परतले. असे का व्हावे?

संगणकावरील चित्र बारीक बिंदूंचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनलेले असते. आमचे मूळ चित्र सहा इंच रुंद व चार इंच उंच. स्कॅनरवर इंचास ६०० बिंदू या मापाने ते घेतले, तेव्हा ३६०० गुणिले २४०० म्हणजे ८६ लक्ष ४० हजार बिंदू मिळाले. कागद वाढविला म्हणून बिंदू वाढत नाहीत, तेच पसरतात. ७२ इंच रुंदीवर ते इंचास अवघे ५० उरले.

मग किती असावेत? छपाईवाले सरसकट ३०० सांगतात. ते पुस्तकासारख्या हातात धरून पाहण्याच्या वस्तूला लागू आहे. दोन बिंदूंमध्ये डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन होत असेल, तरच निरोगी दृष्टीला ते साधारणतः वेगळे दिसतात. यावरून सोपा हिशेब निघतो: ३४३८ या संख्येस पाहणाऱ्याच्या अंतराच्या इंचांनी भागावे. एक फुटावरून २८६ बिंदू लागतात, तीन फुटांवरून ९५, सहा फुटांवरून ४८. शंभर फुटांवरून पाहावयाच्या रस्त्यावरील फलकास हिशेबाने तीनच पुरतात. व्यवहारात अर्थात अधिक ठेवतात.

म्हणजे सहा फुटांवरून आमचे चित्र ठीकच होते! चूक गणिताची नव्हती. निसर्गदृश्य मनुष्य मागे सरून पाहतो, समूहचित्र मात्र नाक लावून पाहतो, हे आम्ही विसरलो. तेच चित्र तीन फूट रुंद व दोन फूट उंच केले, तर इंचास १०० बिंदू पडतात व तीन फुटांवरून चेहरे स्वच्छ दिसतात. याहून जवळ जाणाऱ्यांसाठी आणखी लहान करावे. संगणकाने बिंदू वाढवून देता येतात खरे, पण मुळात नसलेली भुवई त्यातून खरी उमटत नाही. घरी जुनी निगेटिव्ह सापडली तर प्रथम तीच स्कॅन करावी. छापील प्रतीपेक्षा तिच्यात बहुधा अधिक तपशील असतो. आणि मोबाइलवरील संदेशातून चित्र पाठवू नये. वाटेत त्याचे बिंदू पुष्कळदा कमी होतात. मूळ फाइलच पेनड्राइव्हवर न्यावी.

यंदा ते छायाचित्र तीन फुटी करून वाचनालयात, डोळ्यांच्या उंचीवर लावले आहे.