बोटांचे सांधे सुजणे व दुखणे : कारणे आणि उपचार

बोटांचे सांधे जाड होऊन दुखू लागले की 'वयाचा वात' म्हणून ते दुखणे अंगावर काढले जाते. परंतु त्याची कारणे निरनिराळी असतात. काही प्रकारांत उपचारास विलंब झाल्यास बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

झिजेचा संधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) : सांध्यातील कूर्चा झिजते व कडेने हाड वाढते. नखालगतच्या किंवा बोटांच्या मधल्या सांध्यांवर टणक गाठी येतात. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. हा विकार उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर आघात करते. दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाचे व मधले सांधे सुजतात, दाबल्यास मऊ लागतात. ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो; थकवाही जाणवतो. हा विकार तरुण वयातही होतो. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो.

युरिक आम्ल वाढणे (गाऊट) व सोरायसिस यांमुळेही बोटांचे सांधे सुजतात.

उपचार
• झिजेच्या संधिवातात कोमट पाण्याचा शेक, बोटांचे हलके व्यायाम, आधारपट्टी आणि डॉक्टरांनी सुचविलेले वेदनाशामक मलम यांनी आराम पडतो. आलेल्या गाठी मात्र औषधाने विरघळत नाहीत.
• आमवातात केवळ वेदनाशामक गोळ्या पुरेशा नाहीत. रोगास आवर घालणारी औषधे लवकर सुरू करावी लागतात. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते दररोज घेणे जिवावर बेतू शकते. गर्भवती स्त्रियांनी ते घेऊ नये.
• वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो. घटक न छापलेल्या पुड्या टाळाव्यात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशी पुडी बराच काळ घेतली असल्यास ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
सूज काही दिवसांत न उतरल्यास, अथवा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून अधिक राहत असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. रक्तातील आर.ए. फॅक्टर नसला तरी आमवात असू शकतो; म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. सांधा लाल, गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरबसल्या सल्ल्यासाठी 'ई-संजीवनी' ही शासकीय दूरवैद्यक सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.