पॅपचा रिपोर्ट हातात आल्यावर

१. पॅपचा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. गर्भाशयमुखाच्या पेशी अलगद खरवडून घेतात आणि त्या बदलल्यात का, एवढंच पाहतात. कॅन्सर आहे की नाही, हे बायोप्सीशिवाय ठरत नाही. माझ्या रिपोर्टवर ‘एलसिल’ होतं. बंगळूरच्या जयनगरमधल्या आमच्या डॉक्टरांनी कानडी-इंग्रजीत समजावलं ते असं: हे सौम्य बदल, बहुतेकदा आपोआप जातात. ‘एचसिल’ असतं तर बदल ठळक, आणि मग थांबायचं नसतं. ‘ॲस्कस’ म्हणजे नक्की सांगता येत नाही. तिथे एचपीव्ही या विषाणूची तपासणी पुढची वाट दाखवते. नमुना अपुरा, असा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करायची.

२. एचपीव्ही निघाला म्हणून घरात गुन्हेगार शोधू नये. बार्शीहून वहिनीचा फोन आला. तिचा पहिलाच प्रश्न, दबक्या आवाजात: “भावजींना विचारलंस का गं?” मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, वाईट वाटलं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो, काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज सापडला म्हणून तो काल आला असं मुळीच नाही. कोणाकडून, कधी, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. या संशयापायी किती जणी रिपोर्ट कपाटात दडवून ठेवत असतील! मी तो नवऱ्यासमोर ठेवला आणि दोघांनी मिळून वाचला.

३. पुढची पायरी असलेली कॉल्पोस्कोपी ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात थोडक्यात आटोपणारी. गर्भाशयमुख भिंगातून पाहतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड लावलं की बदललेला भाग पांढरा दिसतो. तिथला कणभर तुकडा घेतात, तीच बायोप्सी. चिमटा बसल्यासारखं वाटतं. नंतर थोडं रक्त, थोडा काळपट स्राव जाऊ शकतो. रक्त खूप गेलं किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. गरोदर असाल तर आधीच सांगायचं.

४. पुढची तारीख चुकवायची नाही. हे मी बार्शीची मुलगी म्हणून आग्रहानं सांगते. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं मुंबईच्या टाटा रुग्णालयासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वय ३० ते ५९. त्यांतल्या एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी करून ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले, आणि त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या बाया पुढच्या तपासणीला, उपचाराला आल्या म्हणून हे घडलं. नुसत्या रिपोर्टनं कुणी वाचत नाही.

५. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दार ठोठावावं. जयनगरजवळच होसूर रस्त्याच्या बाजूला किडवाई कॅन्सर संस्था आहे, १९७३ पासूनची.

६. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर मागचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून गप्प बसू नये. त्याच आठवड्यात दाखवावं.

७. सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेवावेत. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी पुढचा निर्णय मागचे रिपोर्ट पाहूनच होतो. माझ्या फायलीत आता वहिनीचाही पहिला रिपोर्ट आहे. तिनं तो बार्शीहून मुद्दाम पाठवला.