मिरगीचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

वस्तीतल्या एका आईने आम्हाला सांगितले, "सिस्टर, ऑपरेशनला तीन वर्षे झाली. पोरीला एकदाही फिट आली नाही." पण पोरगी घरातच बसून होती. गॅसजवळ जायचे नाही, एकटीने बाहेर जायचे नाही, सुटलेले शिक्षण तसेच. फिट थांबली, पण घरच्यांसाठी ती अजून आजारीच!

मिरगी हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे झटके गोळ्यांनी थांबतात. दोन योग्य औषधे नीट घेऊनही झटके येत राहिले, तर तपासणी करून ऑपरेशनचा विचार होतो. झटका मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होतो ते कळले आणि तो भाग काढणे सुरक्षित असेल, तरच ऑपरेशन करतात.

लंडनमध्ये ऑपरेशन झालेल्या ६१५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या ५२ जणांना पाच वर्षांपर्यंत आणि ४७ जणांना दहा वर्षांपर्यंत भान हरपणारी फिट आली नाही. म्हणजे फायदा मोठा आहे, पण हमी नाही. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवू या.

१. झटके थांबले तरी गोळ्या मनाने बंद करू नका. कधी कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

२. पुन्हा फिट आली तर ऑपरेशन वाया गेले असे समजू नका. तारीख, वेळ लिहून ठेवा व डॉक्टरांना दाखवा.

३. काहींना नावे, शब्द पटकन आठवत नाहीत. वही जवळ ठेवावी. हसू नका.

४. पहिल्या काही महिन्यांत उदासी, चिडचिड, रडू येऊ शकते. हे नाटक नाही. त्यावर उपचार आहेत.

५. डॉक्टरांना विचारून स्वयंपाक, प्रवास, शिक्षण, नोकरी एकेक करून सुरू करू द्या. गाडी चालवणे, उंचावरचे काम, पोहणे मात्र परवानगीशिवाय नको.

६. लग्न जमवताना आजार लपवू नका. आपल्या बौद्ध समाजालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून १९९९ साली मिरगी वगळली आहे.

त्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, डॉक्टरांनी त्यांचे काम केले. आता पोरीला दाराबाहेर पाठवायचे काम तुमचे."