मऊ कापड, कडक कापड

मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हे उन्हाळ्याचे महिने. हवा उष्ण आणि दमट असते. मैदानावर खेळून आलात की शर्ट घामाने भिजतो. तो तसाच कोपऱ्यात टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. हा वास कुठून येतो? ताज्या घामाला फारसा वास नसतो. आपल्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते कपड्यावर येतात, घामातील पदार्थांवर वाढतात आणि मग वास सुटतो.

सुती कापड कापसाच्या तंतूंचे असते. कापूस पाणी चटकन शोषतो, म्हणून सुती शर्ट उन्हाळ्यात सुखाचा वाटतो. पण भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही. क्युरपिपसारख्या पावसाच्या गावी कपडे वाळायला किती वेळ लागतो, हे तिथल्या मुलांना विचारा! ओलाव्यात जंतू भराभर वाढतात.

म्हणून काही कापडांना कारखान्यात जंतुरोधक द्रव्य लावतात. कापड द्रव्याच्या हौदातून नेतात, दोन रुळांमध्ये दाबून पिळतात, वाळवतात आणि पुन्हा चांगले तापवतात. कुठे चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरतात. कुठे खेकडे आणि कोळंबी यांच्या कवचांपासून बनवलेले कायटोसन नावाचे द्रव्य वापरतात.

पण इथे एक अडचण येते. द्रव्य धुण्यात निघून जाऊ नये, म्हणून पुष्कळदा त्याबरोबर चिकट पदार्थही लावतात. त्याचा पातळ थर तंतूंवर बसतो. कापड वाकते तेव्हा त्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात. तंतू चिकटले, की ते नीट सरकत नाहीत. मग कापड कडक लागते. कायटोसनचा थरही कापड कडक करतो.

हे तुम्हीही करून पाहा. एकाच जुन्या सुती कापडाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक पट्टी भाताच्या पेजेत बुडवून वाळवा. आता दोन्ही पट्ट्या टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. साधी पट्टी लगेच खाली झुकेल. पेजेची पट्टी बरीच पुढे जाईपर्यंत ताठ राहील. प्रयोगशाळेतही कापडाचा कडकपणा अशाच रीतीने मोजतात.

मग कडक झालेले कापड पुन्हा मऊ कसे करायचे? कारखान्यात मऊपणा आणणारे द्रव्य मिसळतात. पण तेही फार झाले, तर कापड पाणी कमी शोषते. पाणी न शोषणारा टॉवेल काय कामाचा? म्हणून प्रत्येक गोष्ट बेताने घालावी लागते.

रुग्णालयातील रुग्ण कधी कधी दिवसचे दिवस चादरीवर पडून असतो. तिथे जंतू कमी असणे गरजेचे आहे. पण चादर खरखरीत असेल, तर त्याची नाजूक त्वचा घासली जाईल. म्हणून तिथे दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

आपल्या रोजच्या शर्टाला मात्र असे द्रव्य लागतेच असे नाही. काही द्रव्ये धुण्याबरोबर थोडी थोडी पाण्यात जातात, आणि सांडपाणी शेवटी समुद्राकडे जाते. घामाचा शर्ट त्याच दिवशी साबणाने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. शर्ट स्वच्छ राहील आणि मऊही राहील.

शब्दार्थ
दमट – ओलसर
जंतुरोधक – जंतूंची वाढ थांबवणारे
तंतू – बारीक धागा
बेताने – योग्य प्रमाणात

स्वाध्याय
१. घामाच्या शर्टाला वास का येतो?
२. जंतुरोधक द्रव्य लावल्यावर कापड कडक का होते?
३. मऊपणा आणणारे द्रव्य जास्त झाले तर काय होते?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : मऊ, ओले, स्वच्छ.
५. घरातील टॉवेल, रुमाल आणि चादर हातात घेऊन पाहा. प्रत्येकाचा स्पर्श कसा आहे, ते एकेका वाक्यात लिहा.