दंडाची पावती आणि पाठीतली काठी

प्रश्न : माझा भाचा वीस वर्षांचा आहे. सकाळी डेअरीला दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत येत होता. नाक्यावर पोलिसानं हात केला. दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते, त्यामुळे गाडी पन्नासेक पावलं पुढं जाऊन थांबली. पळत आलेल्या पोलिसानं आधी पाठीत काठी हाणली, मग गाडीची चावी काढून घेतली आणि मग लायसन मागितलं. लायसन होतं, हेल्मेट नव्हतं. दंड झाला तो भरला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काठी कोणत्या कलमाखाली मारली?
– एक वाचक, राहुरी तालुका

कोणत्याच नाही.

उत्तर एवढंच आहे, पण तुमच्या पत्रातला क्रम मी पुन्हा पुन्हा वाचला. आधी काठी, मग चावी, शेवटी लायसन. कायद्यात हा क्रम बरोबर उलटा आहे, आणि तुमच्या क्रमातल्या पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा येतच नाहीत.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आहे. त्यातलं कलम १३० सांगतं की गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्यानं मागितलं, तर चालकानं लायसन दाखवायचं. कागदपत्रं मोबाइलवर, डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. वाहतुकीचं नियमन करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळायचा, हे कलम ११९. आदेश मोडला तर कलम १७९, दंड दोन हजार रुपयांपर्यंत. हेल्मेट नसेल तर कलम १९४-डी : मूळ कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन अपात्र. म्हणजे भाच्यानं थांबायला मुद्दाम उशीर केला असं घटकाभर धरलं, तरी त्या उशिराची किंमत कायद्यानं रुपयांत ठरवून ठेवली आहे. ती वळांत ठरवलेली नाही.

मग पोलिसाला हात लावायचा अधिकार येतो कुठून? अटकेतून. दंडातून नाही. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी या उत्तराचं काम झालं. आणि वाहतुकीच्या गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक कधी करता येते, हे कलम २०२ मध्ये मोजून दिलं आहे : पोलिसादेखत धोकादायक रीतीनं गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी पळवली, किंवा नियम मोडून वर नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर. हेल्मेट नाही, पट्टा नाही, पीयूसी संपलं, ट्रिपल सीट बसले, नो पार्किंगमध्ये गाडी लावली. यातलं काहीही त्या यादीत नाही.

बरं, अटक करायची वेळ आलीच, तरी काठीला मोकळं रान नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ म्हणतं की माणूस शब्दानं किंवा कृतीनं स्वाधीन होत नसेल, तर त्याच्या अंगाला हात लावून अटक करावी. त्यानं जोर लावून विरोध केला तर आवश्यक ते उपाय वापरावेत. कलम ४६ लगेच लगाम घालतं : पळून जाऊ नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त अडकवून ठेवायचं नाही. बाई असेल तर अटकेसाठी पुरुष पोलिसानं अंगाला हात लावायचा नाही. लाठीचा विचार कायदा करतो तो बेकायदेशीर जमाव पांगवताना, कलम १४८ मध्ये. दुधाचे कॅन घेऊन एकटा थांबलेला पोरगा म्हणजे जमाव नव्हे. दारूच्या नशेत कोणी पोलिसाच्या अंगावर गाडी घालत असेल, गळपट्टी धरत असेल, तर पोलिसाला स्वतःच्या बचावाचा हक्क आहे, तुम्हाआम्हाला असतो तसाच. थांबलेल्या माणसाच्या पाठीत मारण्याला बचाव म्हणत नाहीत.

चावीचंही तेच. चावी काढून घ्या, असं सांगणारं कलम मोटार वाहन कायद्यात मला सापडलेलं नाही. नोंदणी किंवा परवाना नसलेली गाडी कलम २०७ खाली ताब्यात घेता येते, लायसन कलम २०६ खाली जप्त करता येतं आणि जप्त केलं तर पोच द्यावीच लागते. चावीची पोच कोणी दिल्याचं तुम्ही ऐकलंय? उलट महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १४७ वाचा. त्रास देण्यासाठी, गरज नसताना कोणाची वस्तू घेणं, कोणाला अडकवून ठेवणं आणि ताब्यातल्या माणसावर अनावश्यक बळ वापरणं, हे सगळं पोलिसासाठी शिक्षापात्र आहे. पंचाहत्तर वर्षं होत आली या कायद्याला. हे कलम नाक्यावर कोणाला ठाऊक नसतं, ना थांबणाऱ्याला, ना थांबवणाऱ्याला.

एकदा मलाही नगरमधल्या एका चौकात असंच अडवलं होतं. शिट्टी वाजली आणि मी मान वळवायच्या आत एक हात माझ्या हँडलवरून चावीकडे गेला. किक मारून पळणारं गिऱ्हाईक समजला असावा. माझी स्कूटर तेव्हा किकनंही सुरू होत नव्हती. त्या हाताला राग नव्हता, नुसती सवय होती. काठीचंही तसंच असतं असं मला वाटतं. अमेरिकेत वाहतूक पोलीस गाडीकडे जातो तेव्हा आत बंदूक असेल ही भीती त्याच्या डोक्यात असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच पोलिसाला चालकाला गाडीबाहेर उतरवायची मुभा दिली ती याच भीतीपोटी, आणि पुढं त्या भीतीपायी कितीतरी निःशस्त्र माणसं मेली. आपल्याकडे भाच्याजवळ रिकामे कॅन होते. आपल्याकडची काठी भीतीतून उठत नाही, ती ‘मी हात केला आणि तू थांबला नाहीस’ यातून उठते. अपमानाची वसुली असते ती. आणि मजा अशी की वसुलीसाठी पळायचं कारणच उरलेलं नाही. आपण अजून ‘पावती फाडली’ म्हणतो, पण फाडत कोणी काही नाही. गाडीच्या नंबरावर ई-चलान निघतं, मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो. पन्नास पावलं पुढं गेलेल्या गाडीचा नंबर मागूनही दिसतो.

असं मागं पळण्यानं काय होतं ते तमिळनाडूत घडून गेलं आहे. ७ मार्च २०१८, तिरुचिरापल्लीजवळ थुवाकुडी. हेल्मेट नाही म्हणून एका जोडप्याला थांबवायचा प्रयत्न झाला, ते पुढं गेले, निरीक्षकानं मोटारसायकलवरून पाठलाग केला आणि त्यांच्या गाडीला लाथ मारली. मागं बसलेली तरुणी पडून मेली. निरीक्षकाला अटक झाली, रस्ता हजारोंनी अडवला. पुढं नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की हेल्मेट न घालणाऱ्यांच्या मागं धावू नका, कॅमेरे वापरा. ज्या हेल्मेटनं डोकं वाचावं, त्याच्याच नावाखाली माणूस मरत असेल, तर तो नियम राबवणाऱ्यांनी एकदा थांबून विचार करायला हवा.

(राहवत नाही म्हणून लिहितो. उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री डबल ट्रॉल्या जातात. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. तिथं ही चपळाई दिसली तर मी स्वतः पेढे घेऊन जाईन.)

आता भाच्याचं काय करायचं? हे त्याच दिवशी करायला हवं होतं, पण पुढच्यांसाठी सांगतो. पोलिसाच्या छातीवरची नावपट्टी वाचायची आणि बक्कल नंबर लक्षात ठेवायचा. हुज्जत घालायची नाही. तिथून थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरच्या जिल्हा रुग्णालयात जायचं आणि वळ कशानं उठले ते डॉक्टरांना खरं सांगायचं. ‘पडलो’ म्हणून सांगितलंत की प्रकरण तिथंच मिटलं. केसपेपरवर नोंद झाली पाहिजे. नाक्याजवळच्या पेट्रोल पंपाला, दुकानाला कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण जपून ठेवा असं लेखी द्यायचं, कारण थोड्या दिवसांत त्याच्यावर नवं चित्रण चढतं. पोलीस ठाण्यात नेलं असेल तर तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये बजावलं आहे.

तक्रार ठाण्यात लेखी द्यायची. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली पोलीस अधीक्षकांकडे. आपल्याकडे आयुक्तालय नाही, त्यामुळे साऱ्या जिल्ह्याचा धनी तोच. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांचं दार आहे. शिवाय प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिलेल्या आदेशातून जन्मलेलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. गंभीर दुखापत, बेकायदा अटक, अधिकाराचा गैरवापर अशा तक्रारी त्याच्याकडे करता येतात. मार्ग लांबचा आहे, हे कबूल. पण कागद नसेल तर तो सुरूच होत नाही.

प्रश्न : नाक्यावर पोलीस अरेरावी करत असताना मोबाइलवर चित्रण केलं, तर ‘सरकारी गुपित फोडलंस’ म्हणून गुन्हा दाखल करतो असा दम मिळाला. खरंच तसं होतं का?
– एक वाचक, पारनेर

होतं काय, होऊन गेलं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. २०२२ मध्ये पाथर्डी पोलीस ठाण्यात झालेलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं म्हणून दोन भावांवर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा दाखल झाला. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला कायदा तो, लागला शेवगाव-पाथर्डीकडच्या माणसांना! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं गेलं. २०२४ मध्ये खंडपीठानं सांगितलं की त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित जागे’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही, त्यामुळे हे कलम लागू होत नाही. त्याआधी २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानंही वर्ध्याच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. खुद्द ठाणं जिथं गुपित नाही, तिथं भर रस्त्यावरचा नाका कुठला गुपित?

मात्र चित्रण वेगळं आणि आडवं येणं वेगळं. पोलिसाच्या तोंडासमोर मोबाइल नाचवायचा, त्याचा हात धरायचा, गाडीसमोर उभं राहायचं, असं केलंत तर भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळी कलमं आहेत. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी त्याच्यावर हल्ला केला तर कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. चार पावलं मागं उभं राहून, गप्प राहून चित्रण करा. चित्रणात तुमचा आवाज जितका कमी, तितका त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : माझे वडील वाहतूक शाखेतून निवृत्त झाले. लोक पोलिसांना मारतात, शिव्या देतात, गाडी अंगावर घालतात, त्याबद्दल तुम्ही कधी लिहिणार?
– एक वाचक, श्रीगोंदा

आत्ताच लिहितो, कारण तुमचा प्रश्न पहिल्या प्रश्नाचंच दुसरं टोक आहे.

मुंबईचे वाहतूक हवालदार विलास शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातले. २३ ऑगस्ट २०१६ ला खार इथं त्यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. त्यानं भावाला बोलावून घेतलं, शिंदे यांच्या डोक्यात फटका बसला आणि ३१ ऑगस्टला ते गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये चिंचवडला मास्क नसल्याबद्दल मोटार अडवणाऱ्या पोलिसाला चालकानं बॉनेटवर घेऊन तशीच गाडी पळवली. बारा-बारा तास उन्हात उभं राहायचं, धूर खायचा, आणि वर गाडीतून कोणीतरी ‘साहेबांशी बोल’ म्हणून फोन पुढं करणार. तुमच्या वडिलांनी हे सगळं पाहिलं असेल. ते माझ्याहून चांगलं सांगतील.

पण त्यांना एक विचारा. आपल्या नोकरीत ज्याच्याबद्दल अभिमान वाटावा असा पोलीस कोणता? मला एक माहीत आहे. ऑक्टोबर २०२०, मुंबईत काळबादेवी. हेल्मेटवरून अडवलं म्हणून एका बाईनं वाहतूक हवालदाराची गळपट्टी धरली आणि भर रस्त्यात त्याच्या कानफटात मारत राहिली. आजूबाजूचे मोबाइल सुरू होते. त्यानं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. महिला पोलीस आल्या, बाईला ताब्यात घेतलं, रीतसर गुन्हा नोंदवला गेला. नंतर खात्यानं त्या हवालदाराचा सत्कार केला.